डाव्या वळणावरची टकटक

आमच्या घरात आवाजांचा सगळा कारभार यांच्याकडे. हे म्हणजे माझा नवरा. नोकरी सगळी रेल्वेत, इंजिन चालवण्यात गेली. मुक्काम भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आणि बरीच वर्षं सुरत लायनीवर मालगाड्या. दुपारी आम्ही जेवत असलो आणि लांबून एखादी मालगाडी गेली, की हे घास हातात धरून थांबायचे आणि म्हणायचे, "मागच्या कुठल्यातरी डब्याचं चाक एका जागी सपाट झालंय." मला नुसती धडधड ऐकू यायची. मग ते घास तोंडात घालून समाधानाने चावायचे. मिक्सर, पंखा, शेजारच्यांची स्कूटर, कशाचंही निदान आमच्याकडे फुकट व्हायचं, आणि नको म्हटलं तरी व्हायचं.

निवृत्तीनंतर आम्ही जळगावला राहायला आलो आणि यांनी एक पांढरी छोटी गाडी घेतली. घेतली ती मुख्यतः अक्कासाठी. अक्का म्हणजे यांची थोरली बहीण, धुळ्याला देवपुरात राहते. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानेच यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं. तिच्या लग्नात हे तिच्या मागे रडत पार वेशीपर्यंत गेले होते म्हणे. आता तिचे गुडघे धरलेत. पण दर पौर्णिमेला तिला विहारात वंदनेला जायचं असतं, आणि जायचं असतं ते भावाच्याच गाडीतून. रिक्षा दारात उभी राहिली तरी ती बसत नाही. म्हणून दर पौर्णिमेला सकाळी आम्ही जळगावहून निघतो, एरंडोल-पारोळा करत धुळं गाठतो, अक्काला विहारात नेतो, तिच्या हातची खीर खातो आणि दिवस मावळायच्या आत परत येतो.

आमचा मुलगा पुण्याला असतो. तो दर फोनला एकच गोष्ट सांगायचा. "पप्पा, आता गाडी चालवणं पुरे. विकून टाका. लागेल तेव्हा ड्रायव्हरसकट भाड्याने मागवा." यांचंही उत्तर ठरलेलं. "ज्या दिवशी गाडीचं काय दुखतंय ते मला कळणार नाही, त्या दिवशी मी स्वतः किल्ली खाली ठेवीन. तुला सांगावं लागणार नाही." हे त्यांनी मुलाला सांगितलं, सुनेला सांगितलं, मला तर इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं होतं. आणि बोलले ते करतात, ही त्यांची खोड मी लग्न झाल्यापासून ओळखून आहे. म्हणून त्या उन्हाळ्यात जेव्हा गाडीचं दुखणं मला आधी कळलं, तेव्हा मी घाबरले.

पण त्याआधी शेताचं सांगायला हवं.

धरणगावच्या पुढे यांच्या धाकट्या भावाकडे घरचं शेत आहे, कपाशीचं. थंडीत एक दिवस सगळ्यांनी तिथे भरिताला जमायचं, हे आमच्याकडे न चुकता होतं. भरीत घरच्या गॅसवर भाजलेलं असेल तर आमच्या लोकांच्या घशाखाली उतरत नाही. ते शेतात, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजलेलं हवं, लाकडी भांड्यात ठेचलेलं हवं, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या हव्यात. त्या वर्षी हे मुद्दाम धुळ्याला जाऊन अक्काला घेऊन आले होते. जळणासाठी दिरांनी शेताचा अर्धा तुकडा नुकताच विळ्याने कापला होता. कापलेल्या कपाशीचे खुंट जमिनीतून वर आलेले होते, टोकाला तिरपे, चांगलेच धारदार. आणि जाळ पेटवला होता तो शेताच्या पार आतल्या बांधाला, लिंबाच्या झाडाखाली.

सगळ्यांनी गाड्या रस्त्यावर लावल्या. हे मात्र थांबले, अक्काच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि गाडी सरळ शेतात घातली.

"भाऊ, खुंट शेतस, भाऊ!" दीर अहिराणीत ओरडत मागून पळत आले.

"वाळेल शेतस, मुडी जातीन!" हे खिडकीतून म्हणाले.

खाली खुंट कडाकडा मोडत होते आणि अक्का पुढच्या सीटवर वरातीतल्यासारखी ताठ बसली होती. मी मागे बसून दोन्ही हातांनी सीट धरली होती. गाडी लिंबाखाली पोहोचली, अक्का उतरली ती थेट सतरंजीवर, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भरीत त्या दिवशी इतकं झणझणीत झालं होतं की कुणी कुणाशी बोलेना. परत जाताना हे पुन्हा त्याच खुंटांवरून गाडी बाहेर काढून आले. तो दिवस आठवला की मला अजून काड्यांच्या धुराचा वास येतो.

होळी झाली, उन्हं तापायला लागली. एक दिवस बाजारातून येताना आमच्या गल्लीत वळलो. गल्ली अरुंद, डावीकडे स्टिअरिंग पार फिरवल्याशिवाय गाडी आत येत नाही. त्या वळणावर मला ऐकू आलं. टक, टक, टक, टक. गाडी सरळ झाली आणि आवाज थांबला.

"अहो, काहीतरी वाजतंय."

"कुठे?"

"खाली. वळताना."

यांनी मान तिरकी करून ऐकलं. गाडी तेव्हा सरळ चालली होती, वाजायचं कारणच नव्हतं. "तुझ्या बांगड्या असतील," ते म्हणाले.

मी आयुष्यभर पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवलं आहे. फळ्याकडे तोंड करून उभी असताना मागच्या बाकावर कोण चिंचा चघळतंय ते मला कळायचं. माझ्या कानांवर कुणी शंका घेतली की माझं डोकं फिरतं. दुसऱ्या दिवशी मी बांगड्या काढल्या, रुमालात बांधल्या, पर्समध्ये टाकल्या आणि गाडीत बसले. गल्लीचं वळण आलं. टक, टक, टक.

"आता?" मी रिकामे हात त्यांच्यापुढे धरले.

"पाण्याची बाटली," हे म्हणाले.

मी बाटली मांडीवर घेतली. मग ते म्हणाले सीटचा पट्टा वाजत असेल. मी पट्टा आवळून बसले. मग ते म्हणाले डिकीत जॅक सैल झाला असेल. जॅक घरात काढून ठेवला. त्या आठवड्यात आमची गाडी इतकी रिकामी झाली की तिच्यात आम्ही दोघं आणि ती टकटक, एवढंच उरलं. आधी मला मजा वाटत होती. यांना हरवायची संधी सहसा मिळत नाही. पण एकदा वळताना मी आवाजाकडे लक्ष न देता यांच्या तोंडाकडे पाहिलं. टक टक चालू होती, मला अगदी ठसठशीत ऐकू येत होती, आणि यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. ते माझ्याशी वाद घालत नव्हते. त्यांच्यापर्यंत तो आवाज पोहोचतच नव्हता.

मग एकेक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. टीव्हीचा आवाज का वाढत चालला होता. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम त्यांनी हळूच माझ्याकडे का दिलं होतं. मी स्वयंपाकघरातून काही विचारलं की हे नुसतं "हं" का म्हणायचे. मला वाटायचं, म्हातारपणी हट्टी झालेत. आणि मला त्या वळणावर इतकं वाईट वाटलं की मी म्हणाले, "जाऊ द्या, बाटलीच असेल." पण ते आता ऐकेनात. बायकोचा भ्रम एकदाचा दूर करायचा म्हणून तेच मला गॅरेजला घेऊन गेले.

गॅरेजवाला ओळखीचा, बोलका माणूस. यांना "आबा" म्हणतो, ते यांना आवडत नाही. त्याने माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चला, मागच्या मैदानात एक चक्कर मारून बघू." तो स्वतः चालवायला बसला, शेजारी हे, मागे मी. मैदानात त्याने स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं आणि गाडी हळूहळू गोल फिरवायला लागला. टक, टक, टक, टक. काचा बंद होत्या तरी स्पष्ट.

"हा आला," तो म्हणाला. "आला ना आबा?"

यांनी मान हलवली. हो म्हणाले.

मग त्याने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. गाडी उलट्या बाजूने गोल फिरायला लागली आणि आवाज पार बंद झाला. नुसती मातीवर चाकं फिरल्याची घरघर. आणि नेमकं तेव्हा यांनी बोट वर केलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "हा बघ. आता वाजतोय."

गॅरेजवाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मैदानात एक म्हैस उभी होती, तिच्याकडे मी इतकं निरखून पाहिलं की आजही तिच्या शिंगांची ठेवण सांगू शकेन. तो बिचारा "हां, आहे आवाज," एवढंच म्हणाला आणि गाडी गॅरेजकडे वळवली.

गाडी जॅकवर चढली, पुढचं उजवं चाक निघालं. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणून आवाज उजवीकडचा, असं तो म्हणाला. उजवं चाक म्हणजे यांच्याच पायाखालचं. मी त्या मानाने लांब बसलेली. हे पुढे वाकून बघत राहिले.

आत इंजिनापासून चाकापर्यंत जाणारा लोखंडी दांडा होता, अ‍ॅक्सल. चाकाजवळच्या त्याच्या सांध्यावर रबराचं घड्याघड्यांचं आवरण असतं, त्याला हे लोक बूट म्हणतात. पेटीच्या भात्यासारखं दिसतं. त्या बुटाला एक लांब चीर गेली होती. आतलं सगळं ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या पट्ट्याने चिकटलं होतं, आणि त्यावर खानदेशची सगळी धूळ.

"हा झिजला नाही, कापला गेलाय," गॅरेजवाला म्हणाला. "कशावर घातली होती गाडी?"

"कपाशीच्या खुंटांवर," हे लगेच म्हणाले. त्यात लपवाछपवी नव्हती, उलट थोडी शानच होती. "बहीण होती गाडीत."

"मग बरोबर." त्यालाही ते कारण पटण्यासारखं वाटलं असावं, कारण तो शेतात गाडी घालणारी त्याची दुसरी दोन-तीन गिऱ्हाइकं आठवून हसला. मी विचारलं, हे अ‍ॅक्सल असं किती दिवस टिकतं? तो म्हणाला, "ताई, याला मरणच नाही खरं तर. बूट शाबूत असला तर गाडी भंगारात जाईल पण हा जाणार नाही. पण बूट फाटला, आत धूळ गेली, की मग सांध्यातल्या लोखंडी गोळ्या वाळूत फिरल्यासारख्या फिरतात. मग याचे दिवस भरले. अशीच चालवली तर वाजत वाजत बरीच चालेल, आणि एक दिवस पारोळ्याच्या अलीकडे कुठेतरी उभी राहील."

मला ते ऐकून चमत्कारिक वाटलं. एवढा जाडजूड लोखंडाचा दांडा, आणि त्याचा जीव एका रबराच्या तुकड्यात. पण विचार करायला वेळ नव्हता, कारण त्याने सांधा काढून रॉकेलने धुतला होता आणि उघडून यांच्या हातात दिला होता.

आत गोल वाटीत खोबणी होत्या आणि त्यात लोखंडी गोळ्या. हे गॅरेजच्या दारातल्या उजेडात गेले. चष्मा कपाळावर सरकवला. उजव्या हाताचं बोट एका खोबणीतून हळूच फिरवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. एका जागी बोट थांबलं. तिथे लोखंडाला खळगा पडला होता. ते बोट तिथेच पुढेमागे करत राहिले. इंजिनावर असताना स्टेशनात गाडी थांबली की हे खाली उतरून डब्यांच्या अ‍ॅक्सलला हाताची मागची बाजू लावून पाहायचे, गरम तर झालं नाही ना. तो हात मला माहीत होता.

"एवढा खळगा पडलाय," ते खाली बघतच म्हणाले. "हा वाजणारच. चांगला वाजणार." आणि मग तसेच, मान वर न करता म्हणाले, "मला ऐकू येत नाही."

"अं?" गॅरेजवाला म्हणाला. त्याच्या शेजारी कॉम्प्रेसर चालू होता.

हे एकदम उसळले. "अरे, ऐकू मला येत नाही! तुला काय झालं?"

तो आधी दचकला, मग मी हसले, मग तो हसला, आणि शेवटी हेही हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरले होते ते मी पाहिलं. हात पुसून त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. गॅरेजवाल्याला वाटलं असेल सांभाळायला दिली. मला माहीत होतं काय दिलं ते.

गाडी दुरुस्तीला ठेवून आम्ही रिक्षाने घरी आलो. नवं अ‍ॅक्सल बसून गाडी घरी आली तीसुद्धा गॅरेजवाल्यानेच आणून लावली. मग ती दारात उभी आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. मला गाडी चालवता येत नाही. हे रोज सकाळी तिच्यावरची धूळ फडक्याने पुसायचे आणि आत येऊन पेपर वाचायचे. चिडचिड नाही, रुसवा नाही. मला त्या शांतपणाचाच त्रास व्हायला लागला. भांडले असते तर मी काहीतरी बोलले असते.

पुण्याला फोन केला तेव्हा यांनी स्वतःच मुलाला सांगितलं. मी कान टवकारून होते. मुलगा म्हणाला, "पप्पा, आधी कानाच्या डॉक्टरकडे जा. गाडीचं नंतर बघू." मी त्याला मनातल्या मनात शाबासकी दिली.

कानाची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने यांना काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले आणि काय नोकरी होती विचारलं. डिझेल इंजिन म्हटल्यावर तिने आपल्याशीच मान डोलावली. बारीक, उंच आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत, पण कानात मशीन लावलं तर माणसांचं बोलणं, हॉर्न, असं सगळं नीट ऐकू येईल, असं ती म्हणाली. यांनी तिला एकच प्रश्न विचारला. "गाडी चालवू का?" ती म्हणाली, "नजर चांगली आहे, हातपाय चांगले आहेत. मशीन लावून, आरशात बघत, जपून चालवा." मशीन लावून बाहेर आल्यावर मला वाटलं आता किल्ली मागतील. पण हे म्हणाले, "डॉक्टरने दिलं, पण किल्ली तुझ्याकडे आहे. शेजारी तू बसतेस. तू सांगशील ते."

असा अधिकार हातात आला की माणसाची झोप उडते. मी दोन्ही बाजूंनी विचार केला. हो म्हणावं आणि रस्त्यात काही झालं तर? नाही म्हणावं, तर हा माणूस मरेपर्यंत गाडी पुसत बसणार. त्यातच अक्काचा फोन आला, कारण पौर्णिमा तोंडावर आली होती. अक्का फोनवर इतकी मोठ्याने बोलते की यांना तिचं मशीनशिवायही ऐकू यायचं. हे तिला सगळं सांगून मोकळे झाले. पलीकडून अख्ख्या घरात घुमलं, "मंग काय व्हयनं? बठ्ठं आयकीसनी काय करनं शे तुले? मी ते अर्धंच आयकस, तरी पुरी उरस! डोया शेतस ना? पुनीले ये!"

सगळं ऐकून करायचंय काय, डोळे आहेत ना, हे अक्काचं म्हणणं मला पटलं आणि मी पर्समधून किल्ली काढली. "एका अटीवर," मी म्हणाले. "मशीन काढायचं नाही, आणि मी सांगेन ते तिथल्या तिथे ऐकायचं."

यांनी किल्ली लगेच घेतली नाही. म्हणाले, "मग नीट पद्धतीने करू. तू असिस्टंट." इंजिनावर ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघं असतात. सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने बोलायचा, दुसऱ्याने तोच पुन्हा मोठ्याने बोलायचा. हिरवा, हिरवा. पिवळा, पिवळा. आणि यात एक नियम पक्का, तो यांनी मला जेवणाच्या टेबलावर दोनदा समजावला. पहिला बोलला म्हणून दुसऱ्याने नुसतं मागून म्हणायचं नाही. स्वतः बघायचं, खात्री करायची, मगच बोलायचं. "दुसऱ्याचं ऐकून आपण हिरवा म्हटलं की संपलं," ते म्हणाले. "सगळ्या नोकरीत मी एकदाही तसं म्हटलं नाही."

पौर्णिमेला सकाळी आम्ही निघालो. मी सिग्नल बोलायला लागले. "मागे ट्रक, हॉर्न." यांनी आरशात पाहिलं, कान दिला. "मागे ट्रक, हॉर्न." "उजवीकडून मोटारसायकल." "उजवीकडून मोटारसायकल." एरंडोलपर्यंत मला अवघडल्यासारखं होत होतं, पारोळ्याच्या पुढे मजा यायला लागली. मशीनमुळे यांना कितीतरी गोष्टी ऐकू येत होत्या. वारा, सीटची कुरकुर, माझं पुटपुटणं. "तू हे सगळं रोज पुटपुटत होतीस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रोज. एकदा तर पाठीमागचा हॉर्न त्यांनीच माझ्याआधी बोलून दाखवला, आणि स्वारी अशी खूश झाली की पुढचा बराच रस्ता शीळ घालत होती. शीळ सुरात नव्हती. मीही खूश होते. इतक्या वर्षांत आम्ही गाडीत एकमेकांशी एवढं कधी बोललो नव्हतो.

पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरलो. अक्काची गल्ली डाव्या हाताला, आमच्या गल्लीसारखीच अरुंद. यांनी गाडी अगदी हळू केली. मशीनवर एकदा बोट ठेवून पाहिलं. मग स्टिअरिंग पार डावीकडे फिरवलं, टोकापर्यंत, आणि गाडी आत घेतली.

मी कान देऊन ऐकलं. टायरखाली बारीक खडी चुरचुरली, बाकी काही नाही. नव्या अ‍ॅक्सलचं वळण इतकं गुळगुळीत होतं की मला माझ्याच कानांचा संशय आला. पूर्ण वळण संपेपर्यंत मी थांबले आणि मग मोठ्याने बोलले, "आवाज नाही."

यांनी ते मागून म्हटलं नाही. गाडी अक्काच्या दारात थांबली. समोर ओट्यावर अक्का नवी पांढरी साडी नेसून, काठी टेकून उभी होती. यांनी इंजिन बंद केलं, पण हात स्टिअरिंगवरच.

"मलाही काही आलं नाही ऐकू," ते म्हणाले. "पण ते नाही म्हणून नाही, की मला येत नाही म्हणून नाही, हे मला आता कधीच कळणार नाही."

 मशीन कितीही चांगलं असलं तरी ते बारीक आवाज त्यांच्यासाठी गेले ते गेलेच, हे डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं होतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "नाहीये हो. खरंच नाहीये."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सिग्नलकडे पाहावं तसं, नीट, बराच वेळ. ओट्यावरून अक्का हाका मारायला लागली होती.

"आवाज नाही," ते मोठ्याने म्हणाले, आणि तिला घ्यायला खाली उतरले.